जाळ्याचं शिसं, पोटातलं लेकरू

१ ऑगस्ट
सकाळी सगळ्यांची विचारपूस केली, मगच चहा ठेवला. ह्यांना विचारलं, खोकला कसा आहे. म्हणाले, आहे तिथंच आहे. लेकाच्या, गजूच्या पायात नदीकाठची काच गेली होती, ती जखम भरत आली. नातीला, चिमीला विचारलं, पोट दुखते का वो बाई? म्हणे, साखर देल्ली तं नाई दुखत. तीन वर्षांची झाली, बोलणं तेवढं वाढलं, अंग काही वाढेना. रेणूला शेवटी विचारलं. सून माझी अशी की तिच्या तोंडून उत्तर निघेपर्यंत दूध उतू जातं. "बरी हाये, आई." एवढंच. पाचवा महिना लागलाय.
माझे गुडघे कोणी विचारले नाहीत. दुखतात. इथं लिहून ठेवते.

जाळ्यांची कामं अंगावर आलीत. नदीला पाणी आहे, लोकांना फेकजाळी हवीत, सगळ्यांना आजच. ह्यांनी भंगारातल्या जुन्या बॅटरीचं शिसं वितळवून पत्रा ओतला. मी कैचीनं पट्ट्या कापल्या. रेणूनं एकेक पट्टी जाळ्याच्या काठच्या दोरीवर वळवून दातानं दाबली. झाला मणी, ह्याच्याच वजनानं जाळं बुडतं. पकडीनं दाबला तर दोरी कापते. दातासारखं नेमकं काही बसत नाही. माझे दात पडले तसं ते काम तिच्याकडे गेलं.

२ ऑगस्ट
काल लिहायचं राहिलं. मागच्या महिन्यात वर्ध्याच्या दवाखान्यात रेणूचं रक्त घेतलं. एरवीचं नव्हे, वेगळं. पोटुशी बायांच्या रक्तात कोणकोणते धातू आहेत ते पाहणार म्हणे. मी म्हटलं, "पाहा बाई, अंगावर तं एक मणी सोन्याचा नाई, रक्तात निघाला तं सांगजो." डाक्टरीण हसली. वयानं माझ्या लेकीपेक्षा, वंदापेक्षा लहान असेल.

४ ऑगस्ट
आशाताई दारात. निरोप आणला, रेणूला घेऊन उद्या वर्ध्याला या. कशासाठी, ते तिलाही नीट सांगितलेलं नाही. "काही नाई मावशी, घाबरू नका," म्हणाली. मी रेणूचे दवाखान्याचे कागद लगेच पिशवीत भरून ठेवले.

५ ऑगस्ट
रेणूच्या रक्तात शिसं निघालं. जास्त आहे.
डाक्टरीणनं आधी सतरा गोष्टी विचारल्या. घराला रंग कधी दिला, डोळ्यात काजळ कोणतं घालता, पाणी कुठलं पिता, कुण्या वैद्याची भुकटी चालू आहे का. रेणू मान हलवत राहिली. मग डाक्टरीणनं विचारलं, घरात शिशाची काही वस्तू वापरता का. गजू म्हणाला, "म्याडम, शिसं तं आमच्या घरी बोरीनं हाये."
तिनं पेन खाली ठेवला. सगळं विचारून घेतलं. भट्टी कुठं, चूल कुठं, मणी कोण दाबतं, कशानं. दातानं म्हटल्यावर पेन पुन्हा उचलला आणि ते लिहून घेतलं.

मग समजावून सांगितलं, माझ्याकडे पाहून. आईच्या रक्तातलं शिसं नाळेतून लेकराकडे जातं, त्याला अडवणारं मधे काही नाही. त्यानं लेकराचं वजन कमी भरू शकतं, दिवसाआधी होऊ शकतं, पुढं शिकण्या-समजण्यातही कमी पडू शकतं. तोंडातून जातं, धुरातून जातं, धुळीतूनही जातं. आणि बाईच्या अंगात लोह, कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं. रेणूचं रक्त तर आधीच पांढरं.

मी विचारलं, चिमी दोन किलोलाही कमी होती, काचेच्या पेटीत ठेवली होती, ती ह्याच्यानंच का? म्हणाली, "आजी, आता ते सांगता येणार नाही. वजन कमी भरायची कारणं पुष्कळ असतात. पण ह्या लेकराचं अजून आपल्या हातात आहे."
अजून आपल्या हातात आहे. येताना एस.टी.त हेच घोळत होतं. चिमीचंही रक्त घेतलं.

६ ऑगस्ट
ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं, बिडी विझवली, म्हणाले, माह्या बापानं ह्याच साच्यात ओतलं, त्याच्या बापानं ओतलं, सगळ्यांचीच पोरं झाली.
"झाली. पण तवा कोण तोलत होतं लेकराले?" मी म्हटलं. "मच्छी तोलत होतो आपून. लेकरू नाई."
उठून नदीवर गेले. जेवायला आले. भाजीत मीठ कमी आहे असंही बोलले नाहीत, म्हणजे राग मोठा आहे.

७ ऑगस्ट
गजू मधल्यामधे. बापापुढं बोलत नाही, बायकोपुढं नजर उचलत नाही. मी म्हटलं, तू एक कर, घरातलं शिसं बाहेर काढ, बाकी मी पाहते. बोऱ्या उचलून मागच्या पडवीत नेल्या. चुलीजवळ भट्टी होती तिथली माती खरवडून काढली.

झाडू मारायचा नाही, धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसायचं, असं डाक्टरीणनं सांगितलं होतं. पुसलं. तीन बादल्या काळं पाणी. ह्या घरात मी रोज सारवत होते आणि स्वच्छ आहे म्हणून मिरवत होते.

९ ऑगस्ट
ह्यांनी भट्टी घरामागं मांडली. म्हणाले, झालं ना समाधान? वारा मागूनच येतो. दोरीवर रेणूचं लुगडं वाळत होतं त्याच्यावर धूर. मी लुगडं काढलं, पुन्हा धुतलं. ते पाहत होते. भट्टी विझवली नाही. त्यांचंही खरं, लोकांची जाळी अंगावर घेतलेली, तोंड कुठं दाखवायचं. पण लोकांना थांबता येतं. पोटातल्याला थांबता येत नाही.

११ ऑगस्ट
ठरवलं. रेणूला बाळंत होईस्तोवर समुद्रपूरला, तिच्या माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरी करायची रीत आहे. पण रीत मोडू. तिथं भट्टी नाही. व्याही तलावात नायलॉनची तयार जाळी लावतात, बाजारात बसतात. पंचफुलाबाईंना फोन केला. विहीणबाई आनंदानं फुलून गेल्या. म्हणाल्या, "धाडा, धाडा. माह्या पोरीले पाहाले डोये तरसले." मी सांगितलं, डाक्टरीणनं शिशाच्या भट्टीच्या धुरापासून लांब ठेवा म्हटलंय. "इथी कायचा धूर? गॅस हाये आमच्या घरी." हेही ऐकवलंच.

रेणू ऐकत उभी होती. खुश होईल वाटलं होतं. पदराचं टोक पिळत राहिली. मी विचारलं, काय वो? "काई नाई आई."

१३ ऑगस्ट
रेणू, चिमी गेल्या. गजू पोचवून आला. लोहाच्या गोळ्या, चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या पिशवीत वरच ठेवल्या. राजगिरा, तीळ, गूळ दिला. घर मोठं वाटतं. ह्यांनी दोनदा चिमीला हाक मारली, मग आठवलं.

२३ ऑगस्ट
तान्हा पोळा. गल्लीतली पोट्टी लाकडी बैल घेऊन दारी आली. बैलांना ओवाळलं, खाऊ दिला. एकानं विचारलं, चिमी कुठी हाये? मामाकडे. "तिचा बैल आमी ओढू काय?" म्हटलं ओढा. ह्यांनीच तो बैल उन्हाळ्यात तासला होता, चाकं लावायची राहिली होती. दुपारी चाकं लावत बसले.

३० ऑगस्ट
चिमीच्या रक्तातही आहे. रेणूपेक्षा कमी. आशाताईनं फोनवर सांगितलं. जास्त सांगत बसली नाही, मीही विचारलं नाही. चिमी मणी तोंडात घालायची, मी हातातून काढून घ्यायची, कारण गिळेल म्हणून. फक्त गिळेल म्हणून.
ह्यांना जेवताना सांगितलं. घास हातात राहिला. पण उद्याची भट्टी पेटेल. ओळखते मी ह्यांना.

७ सप्टेंबर
रेणूशी फोन. "बरी हाये. गोळ्या घेतो. दूध पितो." चिमी मामीच्या मागं मागं असते. मामी म्हणजे पंचफुलाबाईंची नवी सून पौर्णिमा, चैत्रात लग्न झालं. पंचफुलाबाई मागून ओरडल्या, "सांग त्याईले, पोरीचा गाल कसा भरून राह्यला थे." बरं वाटलं. आज खूप दिवसांनी गुडघे आठवले नाहीत.

१८ सप्टेंबर
वर्ध्याला दुसऱ्यांदा रक्त घेतलं होतं, त्याचा निकाल घ्यायला सगळे तिथं जमलो. उतरलं नाही. उलट चढलंय.
डाक्टरीण बुचकळ्यात. घर सोडलं, भट्टीपासून लांब, मग कुठून येतंय? रेणूला विचारलं. रेणू खाली पाहत होती. गजू म्हणाला, म्याडम, तिथी भट्टी नाई. मीही तेच म्हटलं. डाक्टरीणनं लिहून घेतलं आणि म्हणाली, आजी, एकदा तिथलं घर पाहून या.
रेणू आणि चिमी तिथूनच परत समुद्रपूरच्या गाडीत बसल्या. खिडकीतून चिमीनं हात हलवला. मला राहवेना.

२० सप्टेंबर
समुद्रपूर. न सांगता गेले. सगळं लिहून ठेवते.
ओसरीत पंचफुलाबाई पाय पसरून, मांडीवर जाळं. शेजारी रेणू, तिच्या मांडीवर त्याच जाळ्याचं दुसरं टोक. ओठात पट्टी. चिमी पुढं बसून मण्यांची रांग मांडत होती. मला पाहिलं तशी रेणूनं ओठातली पट्टी काढून मुठीत घेतली. जणू मुठीत घेतली की नाहीशी होते.

"या विहीणबाई, अशा अचानक?" पंचफुलाबाई उठल्यासुद्धा नाहीत, जाळं मांडीवर होतं ना.
मी विचारलं, हे काय. म्हणाल्या, मच्छीमार सोसायटीच्या लोकांची जाळी शिवायला घेतो दर साली पोळ्यापासून, दोन पैसे येतात, आणि घरबसल्या काम.
"रेणूले मना केलं ना डाक्टरीणनं."
"थे तुमच्या भट्टीचं मना केलं. इथी कुठी भट्टी हाये? पत्रा तयार येते."

 फोनवर मीच धूर म्हटलं होतं. मला ती भट्टी दिसत होती, म्हणून भट्टीच सांगितली. दात, हात, धूळ, हे सांगायचं माझ्या तोंडी आलंच नाही. आणि फेकजाळी त्यांनी सोडली असं मी धरून चालले होते. आपल्या जातीतल्या कोणत्या माहेरात जाळं नाही? सगळ्या पोरी एका जाळ्यावरून उठून दुसऱ्या जाळ्यावर जातात. हे मला सुचायला नको होतं का.

रेणूला विचारलं, तू काऊन नाई सांगतलं? "माय एकटीच करत होती, आई." मग हळूच, "सासरी माहेरचं काय सांगू."

मी सगळं पुन्हा समजावलं. चढलेलं रक्त सांगितलं. पंचफुलाबाई ऐकत होत्या, पण हात चालूच. म्हणाल्या, रेणू सात वर्षांची होती तेव्हापासून पट्टी दाबते, तिच्याइतकी साफ कोणी दाबत नाही. कौतुकानं म्हणाल्या.
मी म्हटलं, रेणूला घेऊन जाते. आत्ता.
त्यांचा चेहरा उतरला. पण मोठ्या बाईसारख्या उठल्या, आतून सूपभर तांदूळ, नारळ, खण आणला. पोटुशी पोर माहेरातून रिकाम्या ओटीनं कशी जाईल. रेणूपुढं बसल्या, ओंजळ भरली. बोटं काळी, नखं काळी, तांदळावर काळं लागलं.
माझ्या तोंडातून निघालं, "आधी हात धुऊन घ्या."

ओंजळ तशीच राहिली. मग तांदूळ सुपात पडले. "माह्या हातचं जहर झालं काय?" एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. नवी सून पौर्णिमा पाणी घेऊन आली होती, तांब्या धरून तशीच उभी.
एस.टी.त रेणू रडली. मी तिचा हात धरला, आधी ओल्या फडक्यानं पुसला आणि मग धरला. तेही तिनं पाहिलं.

२१ सप्टेंबर
बोलणं चुकलं का? दुसऱ्या तऱ्हेनं बोलता आलं असतं. पण हात काळेच होते.
आता ठेवू कुठं? आपलं घर नाही, माहेर नाही. वंदाला फोन केला, वर्ध्याजवळ सिंदी मेघेला. दोन खोल्या, दोन लेकरं, जावई एस.टी. डेपोत. वंदा म्हणाली, "आन. पण भावजयीले सांगजो, इथी येऊन भांडे घासू दे मनन तं मी नाई आयकणार. आणि तू हप्त्याले येजो, नाई तं माह्या डोक्यावर बसन तुहा पोरगा." वंदा तोंडानं फटकळ, पण तिच्या घरात पहिलं ताट पाहुण्याचं.
ह्यांनी ऐकलं. "लेकीच्या घरी सून ठेवाची? सारं गाव काय म्हणन?"
मी म्हटलं, गावाला म्हणावं, लेकराचं वजन झालं की येऊन पाहा.
गजू तेव्हा आतून आला. उभा राहिला, आणि बापासमोर पहिल्यांदा बोलला. "बाबा, मी नेतो तिले. आणि पुढच्या जाळ्याले मी शिसं आनत नाई." एवढंच. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी शिकवलं. मी शिकवलं नव्हतं.

२२ सप्टेंबर
रेणू, चिमी सिंदी मेघेला. लाकडी बैलही गेला. वंदाच्या पोरांनी चाकावरून भांडण केलं. रेणूला खाट खिडकीजवळ दिली.

२९ सप्टेंबर
गेले भेटायला. पालक, मेथी, तीळ-गुळाची वडी, दोन किलो शेंगदाणे. डब्याचं ओझं पाहून कंडक्टर म्हणाला, आजी, लग्न हाये काय? म्हटलं, लग्नापेक्षा मोठं.
रेणू वंदाशी थोडं बोलायला लागलीय. हसते. पण फोन वाजला की आधी नाव पाहते. पंचफुलाबाईंचा नसतो. मीही केला, दोनदा. वाजत राहतो.

४ ऑक्टोबर
गजूनं बाजारातून लोखंडी साखळी आणली, बारीक कड्यांची. जाळ्याच्या काठाला लावली. गजू जाळं फेकायला निघाला तसे हेही मागं मागं गेले. मीही काठावर. जाळं फेकलं, गोल उघडलं, पण बुडायला वेळ. ह्यांनी मान हलवली. मच्छी निसटते, म्हणाले. आणि गंजेल.
मग संध्याकाळी कुंभाराकडे गेले. का, ते सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर
कुंभारानं भाजलेल्या मातीचे मणी करून दिले. ह्यांनी भोकं मोठी हवीत म्हणून परत केले. दुसऱ्यांदा करून आणले. ह्यांच्या बापाच्या आधीच्या लोकांची जाळी अशीच होती असं आता सांगतात. अगोदर का नाही आठवलं, विचारलं नाही. सांगतायत तोवर सांगू द्यावं. मातीचा मणी हलका पडतो, जास्त लावावे लागतात, खडकावर फुटतो. पण आज सकाळपासून भट्टी पेटली नाही. मी मोजत नाही, मोजलं की नजर लागते.
पडवीतल्या बोऱ्या भंगारवाल्यानं नेल्या. म्हटलं, दुसऱ्या जाळीवाल्याला विकू नको. हसला. विकेलच. ह्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

१४ ऑक्टोबर
वर्ध्याला. रक्तातलं शिसं उतरलंय. थोडं, पण उतरलंय. मी डाक्टरीणच्या टेबलावर तिळाची वडी ठेवली. घेतली, खाल्ली, मग वाईट बातमी सांगितली.
रेणूच्या हाडात आहे. लहानपणापासून गेलेलं शिसं हाडात बसून राहतं, आणि पोटुशी असताना लेकरासाठी हाडातून चुना निघतो तेव्हा तेही निघतं. एका महिन्यात जाणार नाही. म्हणून गोळ्या, दूध, भाज्या सोडायच्या नाहीत. सोनोग्राफीत लेकरू वयाच्या मानानं थोडं लहान आहे. पण वाढतंय. मागच्या वेळेपासून वाढलंय.
मी विचारलं, वजन पुरं भरेल ना? म्हणाली, "वचन देता येणार नाही, आजी. पण जे करायचं ते तुम्ही करताय."
सात वर्षांची होती तेव्हापासून. पंचफुलाबाईंचं ते कौतुकाचं वाक्य आठवलं. रेणूही खाली पाहत होती. तिलाही तेच आठवलं असेल. रेणूची माय हे मुद्दाम कशी करेल. तिनं तर पोरीच्या हाताला कला दिली होती.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. मंगेश, रेणूचा भाऊ, पौर्णिमाचा नवरा, सिंदी मेघेला येईल म्हणून रेणूनं ओवाळणीचं ताट करून ठेवलं होतं. आला नाही. सांजच्याला फोन केला त्यानं, गाडी नाही मिळाली म्हणे. समुद्रपूरहून गाड्या नाहीत असा दिवस मी तर पाहिला नाही.
रेणू मला म्हणाली, "आई, बाळंतपणाले माय पायजे मले." नुसती म्हणाली. मागितलं नाही, तक्रार नाही. मला ताटातला दिवा विझवता येईना.

२ नोव्हेंबर
वंदाची शेजारीण समुद्रपूरच्या बाजारात गेली होती, तिथं पंचफुलाबाई भेटल्या. पौर्णिमाला दिवस गेलेत. दुसरा की तिसरा महिना. पंचफुलाबाई पेढे घेत होत्या.
 त्या ओसरीत आता रेणूच्या जागी कोण बसलं असेल ते मला बसल्या जागी दिसतंय.
ह्यांना सांगितलं. हातातला मणी दोरीत ओवला. मग म्हणाले, "व्याह्याले मी मातीचे मणी धाडतो. तू विहिणीले बोल." एवढं बोलणं त्यांच्याकडून बस झालं.

५ नोव्हेंबर
फोन उचलत नाहीत. मग चिठ्ठी. पंचफुलाबाईंना वाचता येत नाही, घरातलं कोणी वाचून दाखवेल. हे उद्या मणी घेऊन स्वतः जातो म्हणतात, तेव्हा चिठ्ठीही देतील. आत नाही घेतलं तर दारातच ठेवून येईन म्हणतात. खाली उतरवून ठेवते, म्हणजे काय लिहिलं ते माझ्याजवळ राहील. बोलते तशीच लिहिली, चांगल्या भाषेत राग लपतो.

"पंचफुलाबाईले शेवंताचा रामराम.
तुमच्या घरी सारे बरे असान. आमीबी बरे. रेणू बरी हाये, आठवा लागला. लेकरू थोडं लहान हाये पण वाढून राह्यलं. रेणूच्या रक्तातलं शिसं उतरलं, पूर्ण नाई, पण उतरलं. चिमीचं डिसेंबरात पाहाचं हाये.
त्या दिवशी मी तुमच्या हाताले बोलली. थे हात जहर नाई होत, बाई. त्याच हातानं तुमी रेणूले मोठं केलं. मी तुमचा मान ठेवला नाई, थे चुकलं. पण हात धुवा म्हटलं थे नाई चुकलं. दोन्ही गोष्टी एकाच वक्ती खऱ्या हायेत, मी काय करू.
माह्याबी घरी तेच होतं. तुमी रेणूले शिकवलं, मी तिच्याकून करून घेतलं. आपल्या दोघींतून कोणी मोठी नाई अन् लहानबी नाई.
भट्टीचं मी फोनवर अर्धंच सांगतलं होतं, आता पुरं सांगतो. पट्टी दाताखाली नाई घ्याची. पोटुशी बाईनं शिशाच्या जाळ्याजवळ बसाचं नाई. पत्रा तयार आला तरी नाई. ओसरी ओल्या फडक्यानं पुसा, झाडू नका. हात धुतल्याबिगर भाकर नाई, लेकराले उचलनं नाई.
पौर्णिमाले दिवस गेले असं समजलं. बम आनंद झाला. तिचं रक्त तपासाले पुढच्या हप्त्यात वर्ध्याले आना, त्याच दिवशी रेणूबी राहीन. डाक्टरीण चांगली हाये, कोणाले बोलत नाई, सांगते. रेणूची ओटी भराची राह्यली, थे त्या दिवशी भरा, मी बाजूले उभी राहीन, तोंडातून शब्द काढणार नाई. रेणू म्हणते बाळंतपणाले माय पायजे. थे तिनं सांगतलं नाई, मी सांगून राह्यली.
मणी धाडले हायेत. फुटले तं सांगा, दुसरे देऊ. ह्याईले आता त्याचाच नाद लागला.
ही चिठ्ठी मंगेशकून नका वाचून घेऊ. पौर्णिमाकून वाचून घेजा, हळू हळू, दोनदा. अन् तिच्याच हातच्या दोन ओळी आल्या तरी चालते, पण उत्तर लवकर धाडजा. वर्ध्याच्या गाडीचा दिवस कोणता धरू थे त्यात लिहा."